दिवाडीचा बिशप आणि डिचोली महाल

युरोप-अमेरिकेतील ख्रिस्ती संस्थांत उन्हाळ्याच्या सुट्टीत तरुण मंडळींचे जथे 'मिशन'वर पाठविण्याची रीत आता चांगलीच रुळली आहे. दोन-तीन आठवडे परक्या मुलखात काढावे, एखादी शाळा बांधून द्यावी, मुलांना बायबलमधील कथा सांगाव्या, भजने म्हणावी आणि सुट्टी संपता संपता घरी परतावे, असा त्यांचा क्रम असतो. देवस्थानांच्या सावलीत वाढलेल्या आमच्या वाचकांस ही हकीकत दूरदेशीची वाटेल. परंतु तरुण मनुष्याने धर्मासाठी घर सोडावे, नदी ओलांडावी आणि पलीकडच्या गावात जाऊन बसावे, ही कल्पना आमच्या डिचोली महालास चारशे वर्षांपासून परिचयाची आहे. कारापूरच्या विठ्ठलापुरात वाळवंटीच्या काठी राण्यांचा विठोबा उभा आहे. तेथून डिचोली गाव हाकेच्या नव्हे, तरी एका चालीच्या अंतरावर आहे. त्या डिचोलीत सतराव्या शतकात एका गोमंतकीय ख्रिस्ती बिशपाने ठाणे दिले होते. त्याची कथा आमच्या लोकांत फारशी सांगितली जात नाही. ती सांगण्याजोगी आहे, असे आम्हांस वाटते.

कथेचा आरंभ मांडवीतील दिवाडी बेटावर करावा लागतो. १५१० साली फिरंग्यांनी गोवे घेतले आणि पुढील तीस वर्षांत तिसवाडीवर त्यांचा अंमल दृढ झाला. १५४० च्या सुमारास तिसवाडीतील देवळे पाडली गेली. कदंबांचे कुलदैवत श्री सप्तकोटेश्वर दिवाडीच्या नार्व्यात होते. बहामनी अमलात एकदा मोडलेले व विजयनगरच्या माधव मंत्र्याने पुन्हा उभारलेले ते स्थान फिरंग्यांच्या हातून पुन्हा उद्ध्वस्त झाले. भक्तांनी लिंग नदीपार डिचोलीच्या भूमीत आणले, आणि ज्या गावी ते स्थिरावले त्यासही नार्वेच म्हणू लागले. दिवाडीचा महागणपती असाच फिरत फिरत खांडोळ्यास गेला. देव गेले, त्यांच्यामागून काही भक्त गेले. जे राहिले, ते बाटले.

या बाटण्यात मुलांचा भाग किती मोठा होता, याकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. १५४२ साली गोव्यास उतरल्यावर फ्रान्सिस झेवियर हातात घंटा घेऊन रस्त्यारस्त्यांतून फिरे व मुलांना आणि दासांना गोळा करून धर्मपाठ शिकवी. हे त्याच्या चरित्रकारांनी कौतुकाने लिहिले आहे. सेंट पॉलच्या विद्यालयात नाना जातींची व देशांची मुले ठेवून त्यांस भावी प्रचारक म्हणून तयार करण्यात येई. येथवर शिक्षणाचा प्रश्न होता. परंतु १५५९ च्या राजाज्ञेने, ज्या हिंदू मुलांचे आईबाप व आजेआजी हयात नाहीत अशी मुले या विद्यालयाच्या स्वाधीन करून त्यांना बाप्तिस्मा द्यावा, असे ठरले. पोरकी झालेली मुले आप्तांनी रातोरात होडीत घालून आदिलशाही मुलखात पोचवावी आणि सरकारने त्यांचा माग काढावा, असे प्रकार त्यानंतर वर्षानुवर्षे चालले. डिचोली, फोंडे, पेडणे हे महाल त्या काळी फिरंगी हद्दीबाहेरचे. म्हणून देवाला जसा, तसाच मुलालाही तेथे आसरा होता.

अशा दिवाडीत, नावेली या गावी, १५९४ च्या सुमारास महाले नामक ब्राह्मण ख्रिस्ती कुटुंबात मातेउश दि कास्त्रो जन्मला. सप्तकोटेश्वर बेट सोडून गेल्यास तेव्हा अर्धशतक उलटले होते. मुलगा बुद्धिमान निघाला. बार्देशात रेइश मागुश येथे फ्रान्सिस्कन पाद्र्यांच्या पाठशाळेत तो शिकला, लॅटिन शिकला, आणि तरुणपणी त्याने पाद्री होण्याची इच्छा व्यक्त केली. ज्या धर्मासाठी त्याच्या वडीलधाऱ्यांनी कुलदेव सोडला, त्या धर्माच्या वेदीपाशी उभे राहण्याचा त्याचा अधिकार कोणी नाकारील, असे त्यास वाटले नसावे. परंतु आर्चबिशप क्रिस्तोव्हांव दि सा याने त्यास दीक्षा नाकारली. विद्या कमी पडली नव्हती, आचरणात दोष नव्हता. अडचण जन्माची होती. देशी माणसाने गुडघे टेकावे, प्रार्थना म्हणावी, जत्रेच्या दिवशी पुतळा खांद्यावर घ्यावा. परंतु धर्मसत्तेत त्यास वाटा नको, हा त्या काळच्या गोव्याचा अलिखित नियम होता.

आम्ही येथे थोडे थांबतो. जातीमुळे देवळाचा गाभारा ज्यांना बंद, अशी माणसे आमच्याही समाजात होती, आणि तो बंदपणा दूर व्हावयास विसावे शतक उजाडावे लागले. म्हणून आर्चबिशपाकडे बोट दाखविताना आमचा हात फार ताठ राहू नये हे बरे.

मातेउश गप्प बसला नाही. लिस्बनला जाणारी जहाजे फिरंग्यांच्या हाती. तेव्हा त्याने खुष्कीची वाट धरली. इराणमार्गे, काफिल्यांच्या सोबतीने मजल दरमजल करीत तो १६२५ साली रोमला पोचला. पंढरीची वारी ज्यांनी पायी केली आहे, त्यांना पायांखालच्या वाटेचे मोल ठाऊक आहे. पण कारापूर ते पंढरपूर ही वाट त्या प्रवासापुढे अंगणातल्या फेरीसारखी वाटावी. रोममध्ये त्याची गाठ योग्य माणसाशी पडली. पोप ग्रेगरी पंधरावा याने १६२२ साली धर्मप्रसारासाठी 'प्रोपागांदा फीदे' हे स्वतंत्र मंडळ स्थापिले होते. फ्रांचेस्को इंगोली हा त्याचा पहिला चिटणीस. पूर्वेकडील धर्मकार्य पोर्तुगालच्या राजाच्या मुठीत आहे, त्या हक्कास 'पाद्रुआदो' म्हणत, आणि त्यामुळे देशी पाद्री निर्माणच होत नाहीत, हे इंगोलीचे शल्य होते. त्याच्यापुढे हा काळासावळा, लॅटिन बोलणारा ब्राह्मण येऊन उभा राहिला. इंगोलीस हवा होता तो पुरावाच जणू चालत आला. मातेउश तेथे तत्त्वज्ञान व धर्मशास्त्र शिकला, पाद्री झाला, गोव्यास परतला, तेथे त्याची अडवणूक झाली, तो पुन्हा रोमला गेला. अखेर १६३७ साली, फारसा गाजावाजा न करता, क्रिसोपोलिसचा बिशप म्हणून त्यास अभिषेक झाला. लॅटिन परंपरेतील पहिला भारतीय बिशप तो हाच.

बिशप झाला, पण बसणार कोठे? गोव्यातील धर्माधिकारी त्याचे अधिकारपत्र मानीनात. ज्यांच्या मते देशी माणूस साधा पाद्रीही होऊ नये, त्यांना त्याच्या अंगठीचे चुंबन घ्यावयास कोण लावणार? त्याच्या रंगावरून अत्यंत हीन शब्द उच्चारणाऱ्यांत मोठमोठे धर्माधिकारी होते. ते शब्द येथे छापण्याची आमची इच्छा नाही. रोमने त्यास विजापूर राज्याचा धर्माधिकारी नेमले आणि मातेउशने फिरंगी हद्दीला लागून असलेली आदिलशाहीतील डिचोली निवडली. दिवाडीतून देव ज्या दिशेने गेला, त्याच दिशेने दिवाडीचा बिशपही गेला. दोघांनाही फिरंग्यांच्या भयाने नदी ओलांडावी लागली, आणि दोघांनाही आसरा मिळाला तो मुसलमान पातशहाच्या राज्यात व हिंदू गावकऱ्यांच्या शेजारात. इतिहासाचा असा विनोद क्वचितच पाहावयास मिळतो.

डिचोलीत त्याने इगर्ज उभारली. बांदे व वेंगुर्ले येथेही त्याची ठाणी झाली. येथेच त्याच्या कार्याचा तरुणांशी संबंध येतो. गोव्यात ज्यांना दीक्षा मिळत नसे, अशा ब्राह्मण ख्रिस्ती तरुणांना त्याने जवळ केले, शिकविले आणि पाद्री केले. नदीपलीकडून ही मुले त्याच्याकडे येत. गोव्याच्या धर्मपीठाने त्याने दिलेल्या दीक्षा अमान्य ठरविल्या. एखाद्याने वर्षानुवर्षे अध्ययन करावे, व्रत घ्यावे, आणि घरी परतल्यावर त्यास सांगावे की तुझे व्रत खोटे, तुझा गुरू खोटा. त्या तरुणांच्या मनाची अवस्था काय झाली असेल याची कल्पना करता येते.

या कडवटपणातूनच मातेउशने १६५३ साली डिचोलीहून एक पुस्तिका लिहिली. तिचे नाव मराठीत सांगावयाचे तर 'ब्राह्मणांचा आरसा'. गोव्यातील ब्राह्मण ख्रिस्त्यांना उद्देशून तीत म्हटले होते की, तुम्ही या भूमीचे कुलवंत असून परक्यांचे जोखड का वाहता. फिरंगी पाद्री तुम्हांस हेतुतः अज्ञानात ठेवीत आहेत. परकी सत्तेविरुद्ध गोमंतकीयाच्या लेखणीतून उतरलेला हा फार जुना कागद आहे. मात्र त्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. मातेउशच्या तळमळीत सगळ्या गोमंतकीयांस जागा नव्हती. त्याचा आवाज ब्राह्मणांसाठी होता. देव बदलला, नाव बदलले, परंतु जातीचा अभिमान नदीपार त्याच्याबरोबरच आला.

त्याच साली गोव्यात विजरई कोंद दि ओबिदुश यास पदच्युत करून ब्रास दि कास्त्रो याने सत्ता बळकाविली. नामसाम्यापलीकडे त्याचा आमच्या बिशपाशी संबंध नाही. पुढच्या वर्षी, १६५४ साली, आदिलशाही फौजांनी बार्देश व साष्टीवर स्वारी केली आणि ती परतविली गेली. या स्वारीमागे डिचोलीच्या बिशपाची चिथावणी होती, डचांशीही त्याचे सूत होते, असा फिरंग्यांचा आरोप होता. पुढे मातेउश रोमला गेला आणि तेथेच वारला. डिचोलीचे आसन त्याचा भाचा कुस्तोदियु दि पिन्यु याने पुढे चालविले.

मग या मोहिमेचे फलित काय? ज्या तिसवाडीत, बार्देशात, साष्टीत फिरंगी सत्ता होती, तेथे गावेच्या गावे ख्रिस्ती झाली. डिचोलीत स्वतः बिशप येऊन राहिला; तोही आमच्याच भाषेचा, आमच्याच रक्ताचा, जवळच्याच बेटावरचा; तरी ख्रिस्ती वस्ती थोडकीच राहिली. कारण उघड आहे. त्याच्यामागे हुकूम नव्हते, तुरुंग नव्हता, पोरक्या मुलांचा कायदा नव्हता, जमिनी व वतने जाण्याची धास्ती नव्हती. केवळ वाणीने व आचरणाने जेवढे होते तेवढे झाले. आम्हांस यात त्याचा कमीपणा दिसत नाही. उलट, बळाविना झालेला तो एक प्रामाणिक प्रयत्न होता, आणि लोकांनीही त्यास आपल्या परीने प्रामाणिक उत्तर दिले. त्यांनी त्यास इगर्ज बांधू दिली आणि आपण आपल्या देवळात जात राहिले.

तोवर सप्तकोटेश्वराचेही दिवस पालटले. १६६८ च्या नोव्हेंबरात शिवछत्रपतींनी नार्व्याच्या देवालयाचा जीर्णोद्धार करविला. तसा शिलालेख तेथे आहे. २०२३ साली त्या मंदिराचे पुन्हा नूतनीकरण झाले. डिचोली फिरंग्यांच्या हाती गेली ती फार उशिरा, १७८१ साली. तेव्हा पोर्तुगालात पोंबालने जेझुइटांस हाकलून वीसहून अधिक वर्षे लोटली होती, धर्मवेडाचा जोर ओसरला होता, आणि नव्या काबिजादीतील लोकांच्या धर्मास व चालीरीतींस हात लावणार नाही असे वचन सरकारास द्यावे लागले. कारापूरचा विठ्ठल, डिचोलीची व पेडण्याची देवळे जागच्या जागी राहिली त्याचे श्रेय जितके भक्तांच्या निष्ठेस, तितकेच या दोन-अडीचशे वर्षांच्या विलंबास आहे.

मातेउशला जे साधले नाही ते पुढच्या पिढीतील गोमंतकीयांनी दुसऱ्या किनाऱ्यावर साधले. बाणावलीत १६५१ साली जन्मलेला जुझे वाझ १६८७ साली मजुराच्या वेषात, जुवांव नावाचा एक तरुण सेवक बरोबर घेऊन, लंकेत शिरला. तेथे डचांनी कॅथलिक पंथास बंदी केली होती. छळ करणारे ख्रिस्तीच, छळले जाणारेही ख्रिस्तीच, आणि कँडीचा बौद्ध राजा त्यास आश्रय देणारा; डिचोलीचीच गोष्ट जणू समुद्रापलीकडे पुन्हा घडली. २०१५ साली रोमने वाझ यास संतपद दिले. त्याच्यामागून गोव्यातील तरुण पाद्री एकामागून एक लंकेस गेले. त्यांतील जाकोम गोन्साल्विश याने सिंहली व तमिळ भाषांत इतके लेखन केले की सिंहली ख्रिस्ती वाङ्मयाचा तो जनकच मानला जातो. फादर स्टीफन्सने १६१६ साली मराठी ओवीत ख्रिस्तपुराण रचून जी वाट दाखविली, तीच वाट त्याने सिंहलीत चालविली. हा गोन्साल्विशही ब्राह्मण ख्रिस्ती घराण्यातला, १६७६ साली जन्मलेला, आणि गाव पुन्हा तेच: दिवाडी.

नावेली आणि नार्वे यांच्यामध्ये आजही मांडवीचा फाटा आहे व त्यावर फेरीबोट चालते. गोकुळाष्टमीस नार्व्यास स्नानासाठी लोटणाऱ्या यात्रेकरूंत दिवाडीहून येणारेही असतात. पलीकडच्या बेटावरील ख्रिस्ती घरांत आपले मूळचे आडनाव व कुलदैवत ठाऊक असलेली माणसे अद्याप भेटतात.