चित्रातले शेत आणि उताऱ्यावरचे शेत

मुलांच्या चित्रपुस्तकांत शेत फार लवकर येते. अक्षरओळखीच्याही आधी मुलाच्या हाती गाय, कोंबडी, बदक आणि घोडा यांची चित्रे पडतात. आज आपल्या घरांतून जी इंग्रजी चित्रपुस्तके दिसतात, त्यांत शेत म्हटले की एक तांबडे लाकडी कोठार असतेच. अमेरिकेत लोहाचा गंज मिसळलेला तांबडा रंग स्वस्त पडे आणि लाकूड टिकवी, म्हणून तिकडची कोठारे तांबडी झाली. बेळगावच्या शिवारात असे कोठार कोणी पाहिलेले नाही. "आजोबा, आपल्याकडे असं शेत कुठे आहे?" असे माझ्या नातीने एकदा विचारले, तेव्हा मला उत्तर सुचले नाही. त्या निमित्ताने शेतीजीवनावरील काही प्रसिद्ध चित्रपुस्तके मिळवून लक्षपूर्वक पाहिली. त्यांतून जे ध्यानात आले ते येथे मांडतो.

आधुनिक चित्रपुस्तकाचा एक जनक म्हणून रँडॉल्फ कॉल्डेकॉट (1846–1886) या इंग्रज चित्रकाराचे नाव घेतले जाते. तरुणपणी तो श्रॉपशरमधील व्हिटचर्च येथे बँकेत कारकून होता. तेथील गुरांचे बाजार, कुंपणे, घोडे आणि शेतकरी त्याने डोळे भरून पाहिले. 1878 पासून त्याची पुस्तके एडमंड इव्हान्स या कुशल मुद्रकाने रंगीत छापली. किंमत एक शिलिंग. 1881 साली त्याचे 'द फार्मर्स बॉय' निघाले. मालकाची जनावरे एकामागून एक सांभाळणाऱ्या पोऱ्याचे ते जुने लोकगीत आहे. चित्रांत आनंद आहे, वेग आहे, खट्याळपणा आहे.

पण त्या वेळच्या इंग्लंडातील शेती आनंदात नव्हती. 1879 चा हंगाम अतिपावसाने बुडाला होता. अमेरिकेतून आगबोटींनी येणाऱ्या स्वस्त गव्हामुळे धान्याचे भाव पडले होते आणि मजूर गावे सोडून शहरांकडे चालले होते. कॉल्डेकॉटने यातले काही रंगवले नाही. त्याच्या पुस्तकांतील माणसे बहुधा त्याच्या आजोबांच्या काळातील पोशाखात वावरतात. शहरातल्या मध्यमवर्गीय मुलांसाठी त्याने जे शेत काढले, ते त्याच्या स्वतःच्या काळातही मागे पडलेले होते. यात त्याला दोष देण्याचा हेतू नाही. शेताच्या चित्रपुस्तकाची वाट मात्र येथे ठरली. चित्रातले शेत हे बहुधा आदल्या पिढीचे शेत असते.

कॉल्डेकॉट अमेरिकेत फ्लोरिडा येथे वारला. पुढे 1938 पासून अमेरिकेतील उत्तम चित्रपुस्तकाला त्याच्या नावाचे पदक दिले जाऊ लागले. 1943 चे पदक व्हर्जिनिया ली बर्टन हिच्या 'द लिटल हाऊस' या 1942 सालच्या पुस्तकाला मिळाले. एका टेकडीवर लहानसे घर आहे, भोवती सफरचंदांची झाडे आणि शेते. हे घर कधीही विकले जाणार नाही, असे बांधणारा ठरवतो. ऋतू फिरतात. मग रस्ता येतो, मोटारी येतात, घरांच्या रांगा, ट्राम, उंच इमारती येतात, आणि ते घर धुरात व अंधारात बुडते. शेवटी बांधणाऱ्याच्या वंशातील एक स्त्री ते ओळखते आणि चाकांवर चढवून पुन्हा खेड्यात नेऊन ठेवते. बर्टनचे स्वतःचे घर रस्त्यालगतून उचलून मागे सफरचंदाच्या बागेत नेले होते, त्यावरून तिला ही गोष्ट सुचली.

पुस्तक सुंदर आहे, यात वाद नाही. पण महसूल खात्यात आयुष्य गेलेल्या माणसाच्या मनात वेगळेच प्रश्न उभे राहतात. घर विकले गेले नाही, हे ठीक. भोवतालची शेते कोणी विकली? राजीखुशीने, की नाइलाजाने? पैसे आले ते कोठे गेले? पुस्तकात शहर पुरासारखे येते. पूर कोणी आणत नाही, तो येतो, असा बालमनाचा समज होतो. शिवाय अमेरिका विस्तीर्ण देश. तेथे घर उचलून न्यायला आणखी पुढचे खेडे शिल्लक असते.

लहानशा स्वित्झर्लंडला ही सोय नव्हती. यॉर्ग म्युलर (जन्म 1942) या स्विस चित्रकाराचे काम 1973 साली प्रसिद्ध झाले. हे बांधीव पुस्तक नाही, सात मोठ्या घडीच्या चित्रांचा संच आहे. 'आल्ले यारे वीडर' या शब्दांनी त्याचे जर्मन नाव सुरू होते. 'दरवर्षी पुन्हा' असा त्यांचा अर्थ. याच शब्दांनी नाताळचे एक लोकप्रिय गाणे सुरू होते. म्युलरच्या नावात पुढे येतो तो दगड फोडणारा यांत्रिक हातोडा. 1974 साली या संचाला जर्मन बालसाहित्य पुरस्कार मिळाला.

सातही चित्रांत जागा तीच आणि पाहणाराही त्याच ठिकाणी उभा. 1953 च्या मे महिन्यात चित्रे सुरू होतात, सुमारे तीन-तीन वर्षांचे अंतर ठेवीत 1972 च्या ऑक्टोबरला संपतात. प्रत्येक चित्राला तारीख आहे आणि ऋतू वेगळा आहे. आरंभी एक गुलाबी घर, झाडे, तळे, वळणे घेत जाणारा ओढा, शेते आणि खेळणारी मुले. पुढे ओढ्याचे वळण जाते, रस्ता रुंदावतो, कारखाने येतात. शेवटच्या चित्रात ते घर नाही. तेथून मोठा मोटाररस्ता जातो. शब्द एकही नाही. कोणी वाईट माणूसही दाखवलेला नाही. मूल एकेका चित्रावर बोट ठेवून 'मागच्यात हे होते, यात नाही' असे स्वतःच शोधून काढते. आम्ही कचेरीत जुना नकाशा आणि नवा नकाशा शेजारी ठेवून जे करीत असू, तेच हे काम. तारीख घालताच आठवणीचा पुरावा होतो, हे म्युलरने दाखवले.

म्युलरच्या संचात जमिनीचा पालट आहे, पण कुटुंबाचा हिशेब नाही. तो सापडतो 1979 च्या 'ऑक्स-कार्ट मॅन' या पुस्तकात. मजकूर कवी डोनाल्ड हॉल (1928–2018) यांचा, चित्रे बार्बरा कूनी (1917–2000) यांची. 1980 चे कॉल्डेकॉट पदक या पुस्तकाला मिळाले. काळ एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धाचा, प्रदेश न्यू हॅम्पशर. ऑक्टोबरात शेतकरी गाडी भरतो. मेंढ्यांची लोकर, बायकोने विणलेली शाल, मुलीने विणलेले हातमोजे, मुलाने केलेले झाडू, मेणबत्त्या, बटाटे, सफरचंदे, मध, मेपलच्या रसाची साखर, हंसांची पिसे. पोर्ट्समथच्या बाजारात तो हे सारे विकतो. मग गाडी विकतो, आणि नाकाचे चुंबन घेऊन बैलही विकतो. एक लोखंडी हंडा, मुलीला सुई, मुलाला चाकू आणि थोड्या गोळ्या घेऊन पायी घरी येतो. गोठ्यात लहान बैल तयार असतो. त्याच्यासाठी नवे जू, नवी गाडी, आणि पुन्हा तेच वर्ष.

आपल्याकडे बेंदराला ज्याची शिंगे रंगवावयाची तो बैल दरसाल विकणे कोणाला रुचणार नाही. तरीही हे पुस्तक मला सर्वांत जवळचे वाटले, कारण त्यात काय पिकले, कोणी राबले, काय विकले, काय घेतले याचा जमाखर्च चार वर्षांच्या मुलालाही कळेल असा मांडला आहे. मात्र येथेही शेत आदल्या काळचेच. हॉल 1975 साली विद्यापीठातील नोकरी सोडून आजोळच्या शेतघरी राहायला गेले ते लिहिण्यासाठी, शेती करण्यासाठी नव्हे. त्या प्रदेशातील डोंगराळ शेती एकोणिसाव्या शतकातच ओस पडू लागली होती. लोक पश्चिमेकडे आणि गिरण्यांकडे गेले. शेतांचे दगडी बांध आज तेथील जंगलांत उभे आहेत. सालोसाल पुरे पडणारा तो जमाखर्च पुढे का जुळेनासा झाला, हे पान त्या पुस्तकात नाही.

तेच पान महत्त्वाचे आहे असे मला वाटते, आणि ते आपल्याकडे लिहिता येईल. म्युलरप्रमाणे एकाच बांधावर उभे राहून एकाच शिवाराची सात चित्रे काढावीत. पहिल्यात मोट आणि बैल, मग विजेचा पंप, मग ट्रॅक्टर, मग कूपनलिका, मग वरची माती उचलणारी वीटभट्टी, मग प्लॉटचे दगड, मग बंगले. प्रत्येक चित्राखाली वर्ष घालावे, आणि 'ऑक्स-कार्ट मॅन'प्रमाणे घरचा हिशेबही दाखवावा: भावांत वाटण्या झाल्या, दवाखाना आला, मुलीचे लग्न आले, मुलाची फी आली, आणि भाताच्या दहा वर्षांच्या उत्पन्नाहून प्लॉटचा भाव मोठा झाला. विकणारा मूर्ख नव्हता आणि घेणारा राक्षस नव्हता, हेही मुलांना कळू द्यावे.

बिनशेतीच्या अशा अनेक कागदांवर माझी सही आहे. ती नियमाने होती. एकदा आदेश हाती पडल्यावर एक वृद्ध शेतकरी उठेना. थोड्या वेळाने म्हणाला, "सायेब, बांधावरचा आंबा उताऱ्यावर ऱ्हाणार न्हवं?" उताऱ्यात झाडांचा रकाना असतो. बिनशेती झाल्यावर तो भरावयाचे कारण उरत नाही. मी त्याला नियम सांगितला. तो "बरं" म्हणून गेला.

नातीच्या प्रश्नाचे उत्तर आता मला ठाऊक आहे. आपल्याकडचे शेत कोठे आहे, तर पुष्कळदा आपण राहतो त्या घराखालीच आहे. ते तिला दाखवायचे तर त्याचे चित्र काढावे लागेल, आणि त्या चित्रात आंब्याचे झाड असले पाहिजे.