लाल म्हणजे ३१ : टर्मिनलच्या रंगांची कुळकथा

#थ्रेड

१/ चूक लाल व यश हिरवे दिसावे म्हणून शेल स्क्रिप्टमध्ये आपण ३१ आणि ३२ हे आकडे लिहितो. हे आकडे कोठून आले? आणि तेच आउटपुट फाइलमध्ये वळवले, की ओळीओळीत कचरा का दिसतो? दोन्ही प्रश्नांचे मूळ एकच आहे.

२/ १९७० च्या दशकात टर्मिनल हे संगणकाला तारेने जोडलेले वेगळे यंत्र होते. त्या तारेतून मजकूर आणि आज्ञा एकाच प्रवाहात वाहत. पुढील चिन्हे दाखवायची नसून पाळायची आहेत, हे सांगण्याचे काम आस्कीतील २७ क्रमांकाचे ‘एस्केप’ चिन्ह करी.

३/ मात्र प्रत्येक उत्पादकाच्या खुणा निराळ्या. यावर बर्कली येथे बिल जॉय यांनी १९७८ च्या सुमारास ‘टर्मकॅप’ रचले : कोणत्या टर्मिनलला कोणती खूण कळते, याची सूची. पुढे तिची जागा ‘टर्मइन्फो’ने घेतली. ‘टीपुट’ ही आज्ञा आजही तीच सूची चाळते.

४/ दुसरा मार्ग प्रमाणीकरणाचा. १९७६ मध्ये ‘ईसीएमए-४८’ आले, १९७९ मध्ये अमेरिकेचे ‘आन्सी एक्स३.६४’. डेक कंपनीच्या १९७८ च्या ‘व्हीटी१००’मुळे या खुणा सर्वत्र रुजल्या. गंमत म्हणजे त्याचा स्वतःचा पडदा एकरंगी होता!

५/ याच परंपरेत रंगांनाही क्रमांक मिळाले. लाल १, हिरवा २, निळा ४. लाल आणि हिरवा मिळून ३, म्हणजे पिवळा. त्यात ३० मिळवले की अक्षराचा रंग, ४० मिळवले की पार्श्वभूमीचा. ० म्हणजे सारे पूर्ववत.

६/ प्रमाण जिंकले, आणि लोक आकडे थेट लिहू लागले. सूचीसोबत एक प्रश्नही विस्मरणात गेला : पलीकडे वाचणारा कोण? फाइलला आज्ञा कळत नाहीत. ती त्या निमूटपणे साठवते. तोच आपला ‘कचरा’.

७/ म्हणून स्क्रिप्टच्या आरंभी एकदाच विचारावे : आउटपुट टर्मिनलवर जात आहे का? ‘टेस्ट’ आज्ञेचा ‘टी’ पर्याय हे सांगतो. उत्तर होकारार्थी असेल, तर ‘टीपुट’कडून लाल, हिरवा आणि पूर्ववत या खुणा घेऊन त्यांना नावे द्यावीत, नसेल, तर ती नावे रिकामी ठेवावीत. पुढे कोठेही आकडा लिहावा लागत नाही. वापरकर्त्याने ‘नो_कलर’ हा २०१७ पासूनचा संकेत दिला असल्यासही रंग टाळावा.

८/ रंग अक्षरात नसतो. तो वाचणाऱ्याला केलेली विनंती असते. ती समजणारा समोर आहे ना, एवढे आधी पाहावे.