पाण्याखालचे दफ्तर

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या तोंडावर पुतण्याने परदेशातून एक चित्रफीत पाठवली. तो हिंजवडीतल्याच एका कंपनीकडून अमेरिकेत गेलेला. सुट्टीत क्रूझने कॅरिबियन समुद्र फिरून आला होता. मेक्सिकोच्या कोझुमेल बेटावर जहाज सकाळी लागले, संध्याकाळी सुटले. मधल्या वेळात तोंडात नळी धरून, डोळ्यांवर काच लावून त्याने तासभर प्रवाळांचे खडक पाहिले. निळ्या पाण्यात पन्नास हातांवरचेही स्पष्ट दिसत होते. खाली त्याने प्रश्न लिहिला होता : ‘काका, आपल्याकडे असं का नाही?’

मी चिंचवडच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये नोकरी केली. चाळिशीत संध्याकाळच्या वर्गाला जाऊन मोडी शिकलो आणि तेव्हापासून सुट्टीच्या दिवशी किल्ले आणि दफ्तरे हाच उद्योग. मालवणला किमान दहा वेळा गेलो असेन. सिंधुदुर्गाचा तट मोजला, पायऱ्या मोजल्या, तटाकडे पाठ करून समुद्राचे फोटोही काढले. पण त्या पाण्याखाली काय आहे, हे पाहावे असे एकदाही मनात आले नव्हते. पुतण्याच्या प्रश्नाचे उत्तर शोधताना जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवतो.

आधी शब्दाचे पाहू. आपल्या घरांत प्रवाळ शिरले ते सोनाराकडून, पोवळे म्हणून. नवरत्नांतले एक, मंगळाचे रत्न. पण हे तांबडे पोवळे आपल्या किनाऱ्यावरचे नव्हे. ते भूमध्य समुद्रातले. सतराव्या-अठराव्या शतकांत इटलीतल्या लिव्होर्नो बंदरातले ज्यू व्यापारी ते गोव्याला पाठवीत आणि बदल्यात हिरे नेत. म्हणजे ज्या काळी गोव्याच्या बाजारात परदेशी पोवळ्यांचा सौदा होत होता, त्या काळी तिथून जवळच, मालवणच्या खाडीत, वेगळ्या जातीचे प्रवाळ खडकांना धरून वाढत होते. त्यांना बाजारात मोल नव्हते, म्हणून कागदावर नावही नव्हते.

कागदावर खडक मात्र आले. नोव्हेंबर १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला. किनाऱ्यावरच्या ज्या खडकापाशी पूजा झाली, तो मोरयाचा धोंडा आजही दाखवतात. जागा निवडली ती नुसते बेट पाहून नव्हे. बेटाभोवती पाण्याबाहेर डोके काढणारे आणि भरतीला पाण्याखाली दडणारे खडक पसरले आहेत. परके जहाज सरळ आत आले तर तळ फाटणार. वाट फक्त माहीतगाराला. १८८० च्या रत्नागिरी जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्येही मालवणच्या वर्णनात उपसागर खडकांनी जवळजवळ कोंडलेला असल्याचे सांगितले आहे. तट, बुरूज, तोफा ही दिसणारी तटबंदी. तिच्या बाहेर ही दुसरी, न दिसणारी. ती बांधावी लागली नाही, फक्त माहीत असावी लागली. आणि ती माहीत होती इथल्या कोळी-गाबितांना. आपण किल्ल्याच्या इतिहासात स्थपती हिरोजी इंदुलकरांचे नाव घेतो, ते योग्यच. पण ज्यांनी खडकांतली वाट दाखवली त्यांची नावे आपल्याकडे नाहीत.

१७६५ मध्ये इंग्रजांनी किल्ला घेतला तेव्हा त्याला ‘फोर्ट ऑगस्टस’ असे नाव दिले. ते टिकले नाही. १८१२ मध्ये कोल्हापूरकरांकडून मालवण कायमचे इंग्रजांकडे आले. पुढच्या काळात त्यांच्या सागरी नकाशांनी हे खडक एकेक करून टिपले, खोली मोजली, धोक्याच्या खुणा केल्या. इंग्रजांना समुद्राचा तळ हवा होता तो टाळण्यासाठी.

या नकाशांवरचे एक नाव मात्र विचार करायला लावते. विजयदुर्गापासून पश्चिमेला शंभरेक किलोमीटर, भर समुद्रात, एक बुडालेले पठार आहे. चहूकडे खोल पाणी आणि मध्येच तळ वर येऊन वीस-बावीस मीटरांवर ठेपतो. इंग्रजी नकाशांत त्याचे नाव ‘आंग्रिया बँक’. आंग्रिया म्हणजे आपले आंग्रे. सरखेल कान्होजी आंग्रे १७२९ मध्ये वारले. १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी विजयदुर्ग जिंकून तुळाजी आंग्र्यांची सत्ता संपवली. इंग्रजी लिखाणात हे घराणे चाचे म्हणूनच रंगवलेले. दस्तक देऊन जहाजांकडून कर घेणे हा आपल्या किनाऱ्यावर सरखेलांचा अधिकार होता, हे त्यांना कधी पटले नाही. पण ज्या वैऱ्याची धास्ती घेतली त्याचेच नाव त्यांच्या नकाशात समुद्राखालच्या पठाराला राहिले. आज शास्त्रज्ञ त्याच नावाने तिथले प्रवाळ अभ्यासतात, आणि २०१८ मध्ये मुंबई-गोवा मार्गावर जी क्रूझ सुरू झाली तिचेही नाव होते ‘आंग्रिया’.

क्रूझ ही आपल्याकडे नवी गोष्ट, असे पुतण्याला वाटले होते. पण मालवणच्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. मुंबईहून निघालेली आगबोट बंदरे घेत घेत यायची. मालवणला खडकांमुळे ती बाहेर खोल पाण्यातच थांबे. मग होड्या तिच्याकडे जात आणि ट्रंका, पोरे, म्हाताऱ्या असा सगळा चाकरमानी संसार लाटांवर हेलकावत होडीत उतरवला जाई. ‘बोट लागली’ या वाक्याचे मराठीत दोन अर्थ झाले ते या प्रवासातून : बोट बंदराला लागली, आणि पोटात ढवळून आले. त्या होड्या वल्हवणारे खडक चुकवीत असत, ते पाण्याचा रंग आणि फुटणारी लाट पाहून. दिवसा, रात्री, तेही डोक्यावर सरकारी दिवा नसताना. रस्ते सुधारले, १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण धावू लागली आणि तळ ओळखण्याची ही विद्या फक्त मासेमारीपुरती उरली.

मालवणच्या खडकांवर जिवंत प्रवाळ आहेत याची शास्त्रीय नोंद तशी अलीकडची. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतले डॉ. कासिम आणि डॉ. वफर यांनी १९७९ मध्ये पश्चिम किनाऱ्यावर ज्या ठिकाणी जिवंत प्रवाळ आढळले त्यांची माहिती छापली, तीत मालवण होते. १९८७ मध्ये मालवण सागरी अभयारण्य जाहीर झाले. क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर, त्यातला गाभा ३.१८ चौरस किलोमीटर. २००१ मध्ये खडक बांधणारे सर्व प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आले, म्हणजे कायद्याने वाघाच्या पंगतीला बसले.

अभयारण्याला मच्छीमारांनी मोठा विरोध केला. आमच्यासारख्या घाटावरच्या अभ्यासकांना तो अडाणीपणा वाटे. मी स्वतः तसे एका व्याख्यानात बोललोही होतो. आता त्याची लाज वाटते. कारण हद्द आखताना ज्यांना तळ माहीत होता त्यांना आपण विचारले गेलो नाही असे वाटत असेल, तर तो राग समजण्यासारखा आहे. शासकीय वर्णनात हद्दीच्या खुणा म्हणून ‘मालवण रॉक’, ‘मंडेल रॉक’ अशी नकाशातली नावे येतात. रोज तिथे जाळे टाकणाऱ्याची नावे त्यात येत नाहीत.

गेल्या डिसेंबरात मी पाण्यात उतरलो. शुक्रवारी रात्री हिंजवडीच्या चौकात तारकर्ली-मालवणच्या खासगी गाड्या उभ्या असतात. पाठीवर पिशव्या घेतलेली आयटीतली मुले त्यात चढतात. त्यांच्यात पन्नाशी उलटलेला मी एकटाच. सकाळी मालवण, तिथून होडीने किल्ल्याच्या पाठीमागे. ‘स्नॉर्केल’ हा शब्द मुळात दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन पाणबुड्यांच्या हवेच्या नळीचा. पाणबुडी पाण्याखाली राहून त्या नळीने हवा घेई. तीच युक्ती आता माणसाच्या तोंडात. होडीवाल्या मुलाने काच घट्ट बसवली, नळीतून श्वास घ्यायला शिकवले आणि हात धरून नेले.

पाणी कोझुमेलसारखे नव्हते. याचे कारण आता मला सांगता येते. त्या बेटावर नदी नाही. सगळा चुनखडीचा प्रदेश, पाऊस जमिनीत मुरतो. आपल्याकडे कर्ली आणि गड या नद्या पावसाळाभर सह्याद्रीची माती समुद्रात आणून ओततात. वर्षातले चार महिने गढूळ आणि गोड्या पाण्याच्या मार्‍यात काढूनही मालवणचे प्रवाळ जगतात. हिवाळ्यात पाणी जरा निवळते तेव्हा आपल्याला दिसतात. हिरवट उजेडात मला तपकिरी, पिवळसर गोल ढेपी दिसल्या, काही पानासारखे पसरलेले थर दिसले. पट्ट्यापट्ट्यांचे मासे त्यांच्या आडून येत-जात होते. मग नळीत पाणी शिरले, मी घाबरलो आणि पायाला जे लागले त्यावर उभा राहिलो.

‘‘काका, तेच्यार उभे रवू नकात!’’ मुलगा ओरडला. ‘‘तो धोंडो न्हय. ता जिता आसा!’’

मी पाय उचलला. वीतभर ढेपीची एक कड फुटली होती. मुलाने काही बोलणे टाळले, पण होडीत बसल्यावर त्याने माझ्याकडे पाहिलेही नाही.

घरी येऊन वाचले तेव्हा फुटलेल्या कडेचा अर्थ कळला. प्रवाळ हा प्राणी. सुईच्या टोकाएवढी ते बोटाच्या नखाएवढी त्याची हजारो तोंडे एका वसाहतीत राहतात. त्यांच्या अंगात सूक्ष्म शैवाले असतात, ती उन्हावर अन्न करतात. पाणी नेहमीपेक्षा एखाद-दोन अंशांनी जास्त तापले आणि आठवडेच्या आठवडे तसेच राहिले की शैवाले निघून जातात आणि प्रवाळ पांढरा पडतो. १९९८ मध्ये जगभर असे झाले, पुन्हा २०१० मध्ये झाले, आणि एप्रिल २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी चौथे जागतिक संकट जाहीर केले. ढेपीच्या आकाराचे प्रवाळ वर्षाला साधारण एक सेंटीमीटर वाढतात. म्हणजे मी जिच्यावर उभा राहिलो ती वीतभर ढेप वीसेक वर्षांची होती. हिंजवडीचा आयटी पार्क जेवढ्या वर्षांत उभा राहिला जवळजवळ तेवढी.

आणखी एक गोष्ट वाचली आणि मी पुस्तक मिटून बसलो. १९७२ मध्ये प्रशांत महासागरातल्या एनिवेटोक बेटावरच्या प्रवाळांचे क्ष-किरण फोटो प्रसिद्ध झाले. झाडाच्या खोडातल्या कड्यांसारखे त्यांत दर वर्षाचे पट्टे होते. पाणी कधी तापले, पूर कधी मोठा आला, हे त्या पट्ट्यांतून वाचता येते. म्हणजे प्रवाळ हे दफ्तर आहे, सालवार लावलेले. पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडीचा कागद उलटताना मी श्वास रोखून धरतो. आणि इथे एका दफ्तरावर मी पाय देऊन उभा राहिलो होतो.

मार्चमध्ये परत गेलो, त्या मुलाची माफी मागायला. तो हसला आणि मला आपल्या आजोबांकडे घेऊन गेला. आजोबांची नजर अधू झाली होती, पण त्यांना तळ पाठ होता. अमुक देवळाचा कळस आणि मागचे टेकाड एका रेषेत आले, उजवीकडे किल्ल्याचा बुरूज अमुक जागी दिसला, की खाली अमुक खडक. तिथे किती वाव पाणी, कोणत्या महिन्यात कोणता मासा, जाळे कुठे अडकते. प्रत्येक खडकाला नाव. कुणा पूर्वजाची होडी फुटली म्हणून, कुणाला तिथे मोठा मासा मिळाला म्हणून. नातवाला त्यातली निम्मी नावे येत होती. पर्यटकांना नेतो त्या जागांना तो ‘पॉइंट’ म्हणत होता.

मला आमचे शिवार आठवले. आमच्या घरची जमीन आता रस्त्यात आणि इमारतींत गेली आहे. वडील तिच्या तुकड्यांना चिंचेची पट्टी, ओढ्याकाठचे, खालचे वावर म्हणत. आता त्याच जागेला फेज एक, फेज दोन. म्हातोबाच्या यात्रेत बगाडाच्या वाटेवर एखादा म्हातारा हात करून सांगतो, इथे अमक्याची विहीर होती. तो गेला की विहीरही गेली.

पुतण्याला मी उत्तर लिहिले. आपल्याकडे आहे, पण वेगळे आहे. कॅरिबियनमध्येच सेंट क्रॉय बेटाजवळ बक आयलंड नावाचे सागरी स्मारक आहे, १९६१ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी जाहीर केलेले. तिथे पाण्याखाली पोहण्याची आखलेली वाट आहे आणि तिच्या कडेला माहितीच्या पाट्या आहेत. मालवणला पाट्या नाहीत. पाट्या आहेत त्या आजोबांच्या डोक्यात. पर्यटनातून मालवणच्या तरुणांना काम मिळते आहे, ही चांगलीच गोष्ट. पण ज्या मुलाच्या हाताला धरून आपण पाण्यात उतरतो त्याला खडकाचे नाव विचारावे आणि पाय वर ठेवावा, एवढे आपल्याकडून व्हावे.

आजोबांनी सांगितलेली नावे मी वहीत लिहून घेतली आहेत. एकतीस झाली. वहीची एक प्रत त्यांच्या घरी आहे. नावे इथे छापावीत का, असे विचारले तेव्हा ते म्हणाले, ‘‘छापू नकात. माशांच्यो जागो आसत त्यो.’’ म्हणून छापत नाही. या दिवाळीत मात्र हिंजवडीतल्या म्हाताऱ्यांकडे दुसरी वही घेऊन जाणार आहे. तिथे लपवण्यासारखे आता काही उरलेले नाही.