मुका मार : फुटबॉलपटू डेव्ह ड्युअरसनची गोष्ट

"डॉक्टर, डोकं आपटलं, पण रक्त आलं नाही. मग काळजी नाही ना?" हा प्रश्न पालक नेहमी विचारतात. त्यावरून एका अमेरिकन खेळाडूची गोष्ट सांगतो.

अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू हातात घेऊन पळतात आणि बचाव करणारे पळणाऱ्याच्या अंगावर झेपावून त्याला पाडतात. डेव्ह ड्युअरसन 'सेफ्टी' होता, म्हणजे बचावाच्या शेवटच्या फळीतला. जन्म १९६०चा. हुशार, अर्थशास्त्राचा पदवीधर. १९८३ मध्ये तो शिकागो बेअर्स संघात आला. १९८५च्या हंगामात हा संघ अजिंक्य ठरला. १९९०च्या हंगामात न्यूयॉर्क जायंट्सकडून त्याने दुसरं विजेतेपद मिळवलं. ११ हंगाम खेळून तो निवृत्त झाला आणि उद्योगात उतरला.

पुढे आजारी माजी खेळाडूंचे भरपाईचे अर्ज तपासणाऱ्या मंडळावर तो होता. फुटबॉलमुळे मेंदू बिघडतो, हे त्याला सहज पटत नव्हतं. २००७ मध्ये अमेरिकी सिनेटसमोर त्याने आपल्या वडिलांचं उदाहरण दिलं : ते कधी व्यावसायिक खेळ खेळले नाहीत, तरी त्यांना अल्झायमर झाला.

नंतर त्याचीच डोकेदुखी वाढली, नजर धूसर झाली, आठवण दगा देऊ लागली. धंदा बुडाला, संसार मोडला. फेब्रुवारी २०११ मध्ये, वयाच्या ५०व्या वर्षी, त्याने आयुष्य संपवलं. आपला मेंदू संशोधनासाठी द्यावा, असं तो लिहून गेला होता. बोस्टन विद्यापीठातल्या तपासणीत त्याला 'सीटीई' हा आजार असल्याचं दिसलं.

सीटीई म्हणजे काय?

डब्यात पाणी घालून पनीर ठेवलंय असं समजा. डबा आपटला तर डब्याला काही होत नाही, आतलं पनीर मात्र हादरतं. हेल्मेट कवटी वाचवतं, आतल्या मेंदूचं हादरणं पूर्ण थांबवू शकत नाही. वर्षानुवर्षं असे धक्के बसले तर काहींच्या मेंदूत 'टाऊ' नावाचं प्रथिन साचत जातं. त्यातून विस्मरण, चिडचिड, नैराश्य दिसू शकतं. शुद्ध न हरपणारे लहान धक्केही यात मोजावे लागतात. खात्रीचं निदान आजही मृत्यूनंतरच होतं.

एक मात्र लक्षात ठेवा. एखाद-दुसऱ्या वेळी डोकं आपटल्याने सीटीई होतो, असं नाही. आत्महत्येमागेही सहसा एकच कारण नसतं.

आपण काय करायचं?

कबड्डी असो वा क्रिकेट, डोक्याला मार लागल्यावर मूल गोंधळलं, चक्कर आली किंवा डोकं दुखू लागलं, तर त्याला लगेच मैदानाबाहेर घ्या. त्या दिवशी पुन्हा खेळवू नका आणि डॉक्टरांना दाखवा. वारंवार उलटी, फिट, वाढती डोकेदुखी किंवा गुंगी असेल तर थेट रुग्णालय गाठा. आणि मन खचलं असेल तर गप्प बसू नका. 'टेली मानस'च्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर मोफत बोलता येतं.

ड्युअरसनने इतरांचे अर्ज तपासले, पण स्वतःचा मुका मार त्याला फार उशिरा कळला. रक्त आलं नाही म्हणजे इजा झाली नाही, असं समजू नका.