कोकणातील विंचूदंश आणि आईची पारख

विंचूदंश हा कोकणातील घरगुती जीवनाचा जुना धोका आहे. कौलारू घर, अंगणातील सरपणाची आणि पेंढ्याची रास, दगड रचून घातलेले गडगे आणि अनवाणी पाय यांमुळे रायगड-रत्नागिरीकडील मुले विंचवाच्या वाटेत सहज येत, आणि दंशानंतरचा पहिला उपाय बहुधा आईच्या किंवा आजीच्याच हाती असे. आघाड्याचे मूळ उगाळून लावणे, दंशाच्या वरच्या बाजूला दोरी आवळणे आणि मांत्रिकाकडून विंचू उतरवून घेणे, असे त्या उपायांचे सर्वसाधारण स्वरूप होते. त्यांची अडाणीपणा म्हणून बोळवण करणे सोपे आहे. परंतु ते पिढ्यानपिढ्या का टिकले, याला सबळ कारण होते. विंचवाचे बहुतेक दंश प्राणघातक नसतात, त्यांच्या असह्य कळा काही काळाने आपोआप ओसरतात, आणि त्या ओसरल्या की श्रेय मंत्राला मिळे. शिवाय मोठा काळा विंचू पाहून घर हादरत असले, तरी त्याचे विष तुलनेने सौम्य असते. मुले दगावत ती आकाराने लहान असलेल्या तांबड्या विंचवामुळे.

या तांबड्या विंचवाच्या विषाने ॲड्रेनलिनसारख्या उत्तेजक द्रव्यांचा शरीरात लोंढा उसळतो, रक्तवाहिन्या आकसतात, हृदयावर ताण येतो आणि शेवटी फुप्फुसांत पाणी भरून श्वास कोंडतो. महाडजवळच्या बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात 1976 मध्ये रुजू झालेले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी असे रुग्ण रात्र-रात्र उशाशी बसून न्याहाळले, आणि 1982 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात धोक्याची पूर्वलक्षणे मांडली. उलटी, दरदरून घाम, गार पडलेले हातपाय आणि मुलग्यांमध्ये लिंगाची ताठरता, ही ती लक्षणे होत. यातील विलक्षण भाग असा की ज्यांच्या जिवाला खरा धोका असे, त्यांना दंशाच्या जागी वेदना पुष्कळदा कमीच जाणवत. कळा थांबल्या म्हणजे विष उतरले, या जुन्या समजुतीला यामुळे मुळातच धक्का बसला, कारण निपचित पडलेले मूल हेच अधिक आजारी असू शकत होते.

पुढे रक्तदाबावरील प्राझोसिन या स्वस्त गोळीचा त्यांनी वापर केला. ही गोळी आकसलेल्या रक्तवाहिन्या सैल करते, आणि तिच्यामुळे गंभीर रुग्णांमधील सुमारे 30 टक्क्यांचे मृत्युप्रमाण अगदी अल्पावर आले. मात्र गोळीचा उपयोग ती वेळेत पोटात जाण्यावर अवलंबून होता, आणि ती वेळ दवाखान्यात नव्हे तर घरात ठरत होती. म्हणून या संशोधनाचे खरे मोल औषधाइतकेच त्या लक्षणांत आहे, कारण ती ओळखण्यासाठी कोणतेही उपकरण लागत नाही. मुलाच्या कपाळावरचा घाम आणि तळव्यांचा गारवा आईला स्पर्शाने कळतो.

तान्ह्या मुलांबाबत ही पारख अधिकच कठीण होती. त्यांना दंश सांगता येत नाही, आणि अवचित फोडलेला टाहो, घाम व लाळ यांचा अर्थ पुष्कळदा दृष्ट लागली असा लावला जाई. अशा वेळी मीठ-मोहऱ्या ओवाळण्याआधी दुपटे व झोळी उलगडून विंचू शोधणे आणि मुलाला तातडीने आरोग्य केंद्रात नेणे, अंथरूण झटकून मगच घालणे, सरपण घराच्या भिंतीपासून दूर रचणे आणि अंधारात मुलाला अनवाणी न सोडणे, हे बदल या ज्ञानाबरोबर घरात यावे लागले.