हँडल मारण्याआधी

जानेवारी १९२४, वाई. उजाडायला अजून तासभर आहे. तुम्ही सारवलेल्या अंगणात उभे आहात. अंगावर कुणीतरी दिलेली घोंगडी आहे आणि कृष्णेकडून येणारा वारा तिच्यातूनही आत शिरतो आहे. समोर पत्र्याच्या शेडमध्ये काळी मोटार उभी आहे. फोर्ड मॉडेल टी. अमेरिकेत १९०८ साली निघालेली, पुढे १९२७ पर्यंत दीड कोटीच्या घरात बनलेली. ही मात्र कॅनडाच्या कारखान्यातली, कारण हिंदुस्थानसारख्या ब्रिटिश अमलाखालच्या मुलखांना फोर्डच्या गाड्या तिथूनच येतात. स्टिअरिंग उजवीकडे आहे. तुमच्या ओळखीचं एवढंच.

डॉक्टरांना आठ वाजता पाचगणीत पोचायचं आहे. सात-आठ मैलांचा रस्ता, मधे पसरणीचा घाट. साडेसातला निघालो तरी चालेल, असं तुम्ही म्हणता. गाडी सांभाळणारा मिस्त्री नकारार्थी मान हलवतो.

"पाव्हणं, गाडीलाच अर्धा तास लागतो. घाटाला तास धरा. आन् कंदील तिकडं लिंबाला टांगा, शेडात आणू नगा."

कंदिलाचं कारण लगेच कळतं. पुढच्या सीटची गादी उचलली की खाली पेट्रोलची टाकी. ड्रायव्हर बसतो तो तिच्यावरच. पेट्रोल किती आहे ते दाखवणारा काटा नाही. मिस्त्री झाकण फिरवतो, लाकडी पट्टी आत सोडतो, बाहेर काढतो आणि ओल कुठवर आली ते अंधारात बोटांनी चाचपतो. चार बोटं. सपाटीवर मेढ्यापर्यंत जायला पुरेल, घाटाला नाही.

या गाडीला पेट्रोल वर खेचणारा पंप नाही. टाकी थोडी उंच, कार्ब्युरेटर खाली, पेट्रोल स्वतःच्या वजनाने उतरतं. गाडीचं नाक उभ्या चढावर वर गेलं की हिशेब फिरतो. टाकी कमी भरलेली असेल तर पेट्रोल कार्ब्युरेटरपर्यंत पोचत नाही आणि इंजिन वळणावर बंद पडतं. म्हणून जगभरचे मॉडेल टीवाले फार उभा चढ आला की गाडी वळवून रिव्हर्समध्ये चढवत. मिस्त्रीनेही ते केलं आहे. "पर उलट्या गाडीला दरी दिसत न्हाई," तो म्हणतो आणि दोन गॅलनचा पत्र्याचा डबा उघडतो. नरसाळ्याला मऊ कातडं लावलेलं आहे. त्यातून पेट्रोल गळून जातं, पाणी वर राहतं. डबा रिकामा होईपर्यंत तो हलत नाही, बोलत नाही, आणि तंबाखूची चंचीही कमरेलाच ठेवतो. सांडलेले थेंब फडक्याने टिपतो, ते फडकं लांब कुंपणावर टाकतो. मगच झाकण लावतो.

"आता ढकला."

गाडी बंदच आहे. तुम्ही दोघं तिला अंगणात आणता. शेडमध्ये इंजिन कधी चालू करायचं नाही, हा त्याचा नियम. कार्बन मोनॉक्साइड हे नाव त्याने ऐकलेलं नसेल, पण बंद खोलीत चालू इंजिनापाशी बसलं की डोकं जड होतं आणि माणूस उठत नाही, एवढं त्याला पुरेसं आहे. तुमच्या काळातही, वर्षभर उभी असलेली गाडी गॅरेजचं शटर अर्धवट लावून 'जरा चालू करून बघणारी' माणसं आहेत. त्यांना या अंगणात आणावंसं वाटतं.

मिस्त्री बारदान टाकून गाडीखाली सरकतो. ऑइल मोजायची दांडी या इंजिनाला नाही. खाली तळाशी दोन छोट्या तोट्या आहेत, एक वर, एक खाली. वरची उघडल्यावर ऑइल आलं तर पुरेसं आहे. वरून काही आलं नाही आणि खालून आलं, तर ठीक, पण निघण्याआधी भरलेलं बरं. खालच्या तोटीतूनही आलं नाही, तर इंजिनाला हातच लावायचा नाही. आज वरून काही येत नाही. तो पुढच्या झाकणातून ऑइल ओततो, थांबतो, पुन्हा खाली सरकतो. वरच्या तोटीतून काळा थेंब त्याच्या बोटावर पडतो तेव्हाच तोटी बंद.

हे मी मुद्दाम सविस्तर सांगतो आहे, कारण जुन्या गाडीचं सगळ्यात मोठं नुकसान चालवताना होत नाही, पहिल्या मिनिटात होतं. गाडी बरेच दिवस उभी राहिली की ऑइल निथळून तळाशी जातं आणि बेअरिंगं, सिलिंडरच्या भिंती कोरड्या पडतात. तुमच्या घराखाली ताडपत्रीत एखादी कुर्ल्याची पद्मिनी वर्षभर झोपलेली असेल, तर ऑइल बघून झालं तरी लगेच स्टार्टर मारून रेस करू नका. आधी कॉइलची मधली वायर काढून ठेवा, म्हणजे ठिणगी पडणार नाही. मग स्टार्टरवर इंजिन थोडं-थोडं फिरवा, ऑइलचा दिवा विझेपर्यंत. त्याआधी एअर फिल्टरच्या डब्यात उंदराने घर केलं नाही ना ते पाहा, पेट्रोलच्या रबरी नळ्या वाकवून पाहा, आणि बोनेट उघडताच पेट्रोलचा वास आला तर गळती सापडेपर्यंत बॅटरी जोडू नका. जुनं पेट्रोल चिकट होतं, ते काढून टाका. ब्रेक ऑइलची पातळी बघा आणि पेडल दाबून धरा. ते हळूहळू खाली जात असेल तर गाडी जागची हलवायची नाही.

वाईत पाण्याला वेळ लागत नाही. रेडिएटर गळ्यापर्यंत भरला, झालं. पाणी फिरवायचा पंपही या इंजिनाला नाही. गरम पाणी वर चढतं, गार खाली येतं, त्याच्यावर सगळं चालतं. पातळी कमी झाली की ते फिरणंच थांबतं.

टायरांशी मात्र मिस्त्री रेंगाळतो. हे टायर रिमच्या कडेत अडकून बसतात ते केवळ आतल्या हवेच्या जोरावर. साठ पौंडांच्या आसपास हवा लागते. कमी असेल तर वळणावर टायर रिमवरून निसटतो. तो हातपंप मारतो, मग लाकडी आऱ्यांवर एकेक करून दाब देतो आणि कान देतो. करकरलं की आरा सैल. शेवटी पुढचं चाक दोन्ही हातांनी धरून आडवं हलवतो. स्टिअरिंगचे सांधे सैल असतील तर इथेच कळतं. तुम्हीही हलवून बघता. थोडा खेळ आहे. "एवढा चालतोय," तो म्हणतो, आणि तरी एक नट पान्याने पिळतो.

आता तुमची पाळी. तो तुम्हाला सीटवर बसवतो, इंजिन अजून बंद. खाली तीन पेडल आहेत आणि त्यांतलं एकही तुमच्या पायाला वाटतं ते नाही. डावं पूर्ण दाबलं की पहिला गिअर, अर्धं दाबलं की न्यूट्रल, सोडलं की वरचा गिअर. मधलं रिव्हर्स. उजवं, जिथे तुमचा पाय आयुष्यभर ॲक्सिलरेटर शोधत आला, ते ब्रेक. ॲक्सिलरेटर पायात नाहीच. तो स्टिअरिंगखालचा उजवा दांडा. घाबरलात की तुमचा डावा पाय क्लच समजून पेडल तळाला नेईल आणि गाडी थांबायच्या ऐवजी पुढे ओढेल. मिस्त्रीला तुमच्या सवयी माहीत नाहीत, पण नवा माणूस कसा चुकतो ते माहीत आहे. तो तुम्हाला डोळे मिटायला लावतो आणि शब्द फेकतो: "थांब. माघारी. थांब. पुढं. थांब." पाय चुकला की पुन्हा पहिल्यापासून. हा खेळ लांबतो, पूर्वेला फटफटतं, पण तो घाई करत नाही. दुसऱ्याची जुनी गाडी हातात घेताना असं इंजिन बंद ठेवून बसणं आज कुणी करत नाही. करायला हवं.

"हातब्रेक."

तुम्ही लांब लोखंडी दांडा पूर्ण मागे ओढता. याच दांड्याने मागची चाकं धरतात आणि गाडी न्यूट्रलमध्येही येते. तो पुढे राहिला तर इंजिन चालू होताच गाडी हँडल मारणाऱ्याच्या अंगावर येईल. थंडीत मागे ओढूनही पुरेसं नसतं. क्लचच्या चकत्या इंजिनाच्याच ऑइलात बुडालेल्या असतात, गारठलेलं ऑइल त्यांना एकमेकींना चिकटवून ठेवतं, आणि गाडी ब्रेकला न जुमानता पुढे रेटते. म्हणून चाकांपुढे दोन मोठे दगड.

स्टिअरिंगखालचा डावा दांडा ठिणगीचा. तो पूर्ण वर. याच्यावर मिस्त्री स्वतः हात ठेवून बघतो. इंजिन धावत असतं तेव्हा ठिणगी पिस्टन वर पोचण्याच्या किंचित आधी पडावी लागते, कारण पेट्रोलची वाफ पेटायला क्षण लागतो. हाताने फिरवताना इंजिन संथ असतं. तेव्हा ठिणगी आधी पडली तर पिस्टन वर पोचण्याआधीच खाली रेटला जातो, इंजिन उलटं फिरतं, आणि हातातलं हँडलही. दांडा वर म्हणजे ठिणगी उशिरा.

"हे बगा." तो उजवं मनगट पुढे करतो. अंगठ्याच्या बाजूचं हाड उंचावलेलं आहे. "दांडा वर करायचा राहिला, आन् अंगठा मुडपला हुता. डॉक्टरांनीच बसिवलं." हाडांचे डॉक्टर या मोडीला आजही शोफर्स फ्रॅक्चर म्हणतात. चार्ल्स केटरिंगने बनवलेला विजेचा स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये आला, फोर्डने तो १९१९ पासून द्यायला सुरुवात केली. या गाडीला तो नाही.

किल्ली आहे, पण ती फक्त वीज जोडते, आणि आत्ता ती तुमच्या खिशात आहे. तुम्ही गाडीपुढे जाता. रेडिएटरखालून तारेचा एक फास बाहेर आला आहे, तो चोक. तो ओढून धरायचा आणि हँडल आत दाबून पाव-पाव फेरा वर आणायचा, दोनतीनदा. सिलिंडरात पेट्रोलची वाफ भरली जाते. वीज नाही, तेव्हा भीतीही नाही. मग परत येऊन किल्ली लावायची, बॅटरीकडे फिरवायची. समोरच्या लाकडी पेटीतली एक कॉइल भुंग्यासारखी गुणगुणते.

"डावा हात. अंगठा बोटांच्याच बाजूला, वर न्हाई. खालनं वर वढायचं, वरनं खाली कंदीच दाबायचं न्हाई. तोंड बाजूला."

डावा हात का, ते हँडल धरल्यावर समजतं. ते उलटं फिरलं तर बोटं उघडून निसटतं. उजव्या हाताने जोर लावला असता तर तेच मनगटावर आलं असतं. तुम्ही खालून वर एकच झटका देता. काही नाही. दुसरा. इंजिन एकदा खोकतं आणि गप्प होतं. तिसऱ्याला ते धरतं, अख्खी गाडी थरथरायला लागते, आणि मिस्त्री ओरडतो, "दांडा! दांडा!" तुम्ही धावत जाऊन डावा दांडा खाली घेता, उजवा थोडा वर, किल्ली मॅग्नेटोकडे. आता वीज इंजिन स्वतःच बनवतं आहे. दिवेही त्याच विजेवर, इंजिन संथ झालं की मंद होणारे.

तो लगेच निघू देत नाही. ऑइल पातळ होईपर्यंत गाडी जागेवर चालू ठेवायची, खाली काही ठिबकतंय का ते वाकून बघायचं. मग दगड काढायचे, अंगणातच दहा पावलं पुढे जाऊन उजवं पेडल दाबायचं, मग हातब्रेक वेगळा ओढून बघायचा. दोन्ही वेगवेगळे तपासायचे, कारण पेडलचा ब्रेक गिअरबॉक्समधून काम करतो आणि मागचा आस तुटला तर तो कुचकामी ठरतो. तेव्हा मागच्या चाकांवरचा हातब्रेकच उरतो. पुढच्या चाकांना ब्रेकच नाहीत.

घाटाच्या पायथ्याशी मिस्त्री गाडी थांबवायला लावतो आणि इंजिन बंद करतो. डॉक्टर मागे घड्याळ बघतात, बोलत नाहीत. मिस्त्री पहिल्यांदा किल्ली काढून कनवटीला लावतो, मगच पुढे जाऊन चाकांच्या मध्यावर तळहात ठेवतो, गरम लागतंय का ते बघायला. इंजिन तर बंद आहे, किल्ली कशाला काढली, असं तुम्ही विचारता.

तो परत येतो, तुम्हाला बाजूला सरकवतो. ठिणगीचा दांडा वर. किल्ली बॅटरीकडे. कॉइल गुणगुणते, तो दांडा जरासा हलवतो, आणि हँडलला कुणी हात न लावता इंजिन चालू होतं. गरम इंजिनात वाफ शिल्लक असते. पिस्टन योग्य जागी थांबला असेल तर एक ठिणगी पुरते.

"आता कोन हँडलपाशी वाकला असता तर?" मिस्त्री विचारतो, आणि खाली उतरून तुम्हाला जागा देतो. तुम्ही हातब्रेकचा दांडा पुढे करता, डावं पेडल तळापर्यंत दाबता. गाडी पहिल्या गिअरमध्ये पसरणीच्या पहिल्या वळणाला लागते.