कृष्णधवल दस्तऐवज संकोचन

कृष्णधवल दस्तऐवज संकोचन म्हणजे कागदपत्राच्या स्कॅन केलेल्या रंगीत किंवा करड्या प्रतिमेचे केवळ काळा व पांढरा या दोन छटांत रूपांतर करून तिची फाइल लहान करण्याची प्रक्रिया होय. शेकडो पानांवर एकच क्रिया करावयाची असल्याने हे काम बहुधा इमेजमॅजिक, घोस्टस्क्रिप्ट यांसारख्या कमांड लाइनवरील मुक्त साधनांनी केले जाते.

ए४ आकाराचे पान ३०० डीपीआयने स्कॅन केल्यास २४८० × ३५०८ चित्रबिंदू मिळतात. प्रत्येक बिंदूस २४ बिट दिल्यास ही माहिती सुमारे २६ मेगाबाइट भरते; एकच बिट दिल्यास ती सुमारे १.१ मेगाबाइटवर येते. संकोचनाचा लाभ त्यानंतरचा.

== सीमामूल्य ==
बिंदू काळा की पांढरा हे सीमामूल्यावरून ठरते. त्याहून उजळ बिंदू पांढरे होतात, उरलेले काळे. सीमामूल्य फार खाली ठेवल्यास फिकट शाई नाहीशी होते. फार वर नेल्यास पिवळसर कागदच काळवंडतो. नोबुयुकी ओत्सू यांनी १९७९ साली मांडलेल्या पद्धतीने हे मूल्य प्रतिमेवरूनच काढता येते, परंतु पानावर डाग किंवा असमान उजेड असल्यास संपूर्ण पानास एकच मूल्य पुरत नाही.

देवनागरीच्या बाबतीत येथे विशेष दक्षता लागते. अनुस्वार गळाल्यास 'वंश'चा 'वश' होतो, 'ब'च्या पोटातील तिरपी रेघ पुसली गेल्यास 'बार'चा 'वार' होतो, आणि दोन्ही शब्द अर्थपूर्ण असल्याने चूक वाचकाच्या ध्यानातही येत नाही. ठिपके काढून पान स्वच्छ करणारी सोय तर अनुस्वारालाच डाग समजू शकते. गेलेली रेघ कृष्णधवल फाइलमधून परत मिळवता येत नाही; म्हणून मूळ स्कॅन जपून ठेवणे इष्ट.

== साधने व पद्धती ==
इमेजमॅजिकमध्ये 'मोनोक्रोम' हा पर्याय नावामुळे सोयीचा वाटतो, पण तो करड्या छटांचा भास निर्माण करण्यासाठी ठिपके विखुरतो. त्यामुळे अक्षरांच्या कडा खरबरीत होतात आणि फाइलही फुगते. मजकुरासाठी 'थ्रेशोल्ड' हा पर्याय योग्य. पीडीएफ वाचताना 'डेन्सिटी'चे मूल्य फाइलच्या नावाआधी द्यावे लागते; अन्यथा पान ७२ डीपीआयने उघडते आणि अक्षरे वाचण्याजोगी राहत नाहीत.

संकोचनासाठी 'ग्रुप ४' ही फॅक्ससाठी १९८४ साली प्रमाणित झालेली पद्धत आजही रूढ आहे. तीत प्रत्येक ओळीतील काळ्या-पांढऱ्याचे बदल वरच्या ओळीच्या तुलनेत नोंदवले जातात. उभ्या रेघांत असा बदल जवळजवळ नसल्याने छापील मजकूर फार कमी जागेत मावतो, आणि एकही बिंदू बदलत नाही. ही माहिती टिफ व पीडीएफ या दोन्ही प्रकारच्या फाइलींत साठवता येते.

२००० साली प्रमाणित झालेली 'जेबिग २' ही पद्धत फाइल आणखी लहान करते. तिच्या एका प्रकारात सारखी दिसणारी अक्षरे एकदाच साठवून सर्वत्र तीच वापरली जातात. २०१३ साली डेव्हिड क्रीझेल या जर्मन संगणकशास्त्रज्ञाने दाखवून दिले की, झेरॉक्स कंपनीची काही यंत्रे या पद्धतीमुळे नकाशांतील व तक्त्यांतील अंक बदलत होती. ६ च्या जागी ८ उमटत होता, तोही अगदी सुबक. जेबिग २ चा बिंदूही न बदलणारा प्रकार उपलब्ध असून हिशेब, दाखले व न्यायालयीन कागदांसाठी तोच किंवा ग्रुप ४ वापरावा लागतो.